झहीर खान इंग्लंडला गेला नसता तर? परदेशात खेळणाऱ्यांना देशाच्या टीममध्ये घ्यायचं की नाही, हा वाद नेमका काय आहे

जून २००६. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये एसेक्स विरुद्ध वूस्टरशायर अशी मॅच सुरू होती. वूस्टरशायरकडून एक डावखुरा फास्ट बॉलर बॉलिंग टाकत होता. एसेक्सच्या पहिल्या नऊच्या नऊ विकेट त्यानं एकट्यानं काढल्या. दहावीसुद्धा त्याच्याच खात्यात जायची, पण शेवटचा बॅट्समन डॅरेन गफचा कॅच विकेटकीपरच्या हातून सुटला आणि एका इनिंगमध्ये दहा विकेटचा विक्रम हुकला. आकडे राहिले १३८ रन्समध्ये ९ विकेट.

हा बॉलर म्हणजे श्रीरामपूरचा झहीर खान.

त्या वेळी झहीर भारताच्या टीममध्ये नव्हता. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये १८ विकेट घेणारा हा गडी पुढच्या दोन-तीन वर्षांत दुखापतींमुळं आणि हरवलेल्या फॉर्ममुळं मागं पडला होता. २००५ संपता संपता बीसीसीआयनं त्याचं कॉन्ट्रॅक्ट बी ग्रेडवरून सी ग्रेडवर आणलं. इरफान पठाण, मुनाफ पटेल, श्रीशांत, आर. पी. सिंग अशी नवी पोरं रांगेत उभी होती. झहीरचं करिअर संपलं असं लोक उघड बोलायला लागले होते. तेव्हा तो इंग्लंडला गेला आणि वूस्टरशायरकडून १६ मॅचेसमध्ये ७८ विकेट घेऊन परत आला. वर्ष संपायच्या आत साऊथ आफ्रिका दौऱ्यासाठी त्याचं नाव टीममध्ये होतं.

आता कल्पना करा, त्या वेळी बीसीसीआयचा एक नियम असता. ‘जो भारतात खेळतो त्यालाच भारताच्या टीममध्ये घेणार. परदेशात जाऊन केलेला परफॉर्मन्स मोजणार नाही.’ मग पुढं काय झालं असतं?

हा प्रश्न हवेतला वाटेल. पण रग्बी नावाच्या खेळात हा नियम खरोखर आहे, आणि त्यावरून तिथं गेली दहा-पंधरा वर्षं जोरात भांडणं चालू आहेत.

रग्बीवाले कशावरून भांडतायत?

आपल्याकडं रग्बीची ओळख म्हणजे बॉलिवूडमधल्या राहुल बोसचा खेळ एवढीच. तो भारताकडून खेळलाय आणि पुढं रग्बी इंडियाचा अध्यक्षही झाला. पण इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड, साऊथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इथं या खेळात मोठा पैसा आहे. आणि तो सगळीकडं सारखा नाही. फ्रान्सची ‘टॉप १४’ ही लीग आणि जपानची लीग खेळाडूंना घसघशीत पैसे देतात. त्या मानानं न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, साऊथ आफ्रिका इथले क्लब मागं पडतात. साहजिकच खेळाडू बॅगा भरतात.

मग तिथल्या बोर्डांनी एक हत्यार काढलं. पैशांत आपण फ्रान्सशी स्पर्धा करू शकत नाही, पण देशाची जर्सी फक्त आपल्याकडं आहे. जो देश सोडून परदेशी क्लबकडं जाईल त्याला ती जर्सी मिळणार नाही.

न्यूझीलंडनं हा नियम सगळ्यात कडक ठेवला. तिथं ऑल ब्लॅक्स म्हणजे देव. रिची मोउंगा हा त्यांचा हुकमी खेळाडू २०२३ च्या वर्ल्ड कपनंतर जपानला गेला आणि नियमाप्रमाणं टीमबाहेर झाला. एक पळवाट मात्र त्यांनी स्वतःच ठेवली आहे. मोठ्या खेळाडूला बोर्ड काही महिन्यांची ‘सुट्टी’ देतं. त्या सुट्टीत त्यानं परदेशात खेळावं, पैसे कमवावेत आणि परत यावं. डॅन कार्टर असाच फ्रान्सला जाऊन आला, ब्यूडेन बॅरेट जपानला जाऊन आला. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा असला तरी जो फार मोठा आहे त्याला दरवाजा थोडा उघडा.

इंग्लंडनं २०११ च्या वर्ल्ड कपनंतर ठरवलं की, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर परदेशी क्लबच्या खेळाडूला घ्यायचं नाही. आता अपवादात्मक म्हणजे काय, हे कुणीच नीट सांगितलं नाही. त्याचा फटका बसला स्टेफन आर्मिटेजला. हा इंग्लंडचा खेळाडू फ्रान्सच्या तूलाँ क्लबकडून खेळायचा. २०१४ मध्ये तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कप होता, तोही इंग्लंडमध्येच. तरी त्याला घेतलं नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं उलटा निर्णय घेतला. त्यांचाही नियम ‘घरी खेळणाऱ्यालाच संधी’ असाच होता. पण एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी सूट दिली. ज्यानं देशासाठी किमान ६० मॅचेस खेळल्या आहेत आणि सात वर्षं ऑस्ट्रेलियातल्या रग्बीला दिली आहेत, तो परदेशात असला तरी चालेल. ही सूट ज्याच्यामुळं आली तो मॅट गिटो, म्हणून याला ‘गिटो लॉ’ म्हणतात. गिटो कुठं खेळत होता? त्याच तूलाँमध्ये, आर्मिटेजच्याच टीममध्ये.

वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया एकाच ग्रुपमध्ये आले. लंडनमध्ये मॅच झाली, ऑस्ट्रेलियानं ३३-१३ नं जिंकली आणि यजमान इंग्लंड ग्रुपमधूनच बाहेर पडलं. त्या मॅचच्या शेवटाला ट्राय मारून जखमेवर मीठ चोळणारा खेळाडू गिटोच होता. ट्राय म्हणजे बॉल घेऊन समोरच्याच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवणं, आपल्या भाषेत गोलच म्हणा. ऑस्ट्रेलिया पुढं फायनलपर्यंत गेलं.

मग बोर्डवाले इतके हट्टी का?

एवढं ऐकल्यावर वाटतं की, हा नियम करणारी माणसं निव्वळ अडमुठी आहेत. तसं नाही. त्यांचीही बाजू आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही.

पहिली गोष्ट, खेळाडू कुणाच्या ताब्यात आहे? वर्ल्ड रग्बीच्या नियमाप्रमाणं आंतरराष्ट्रीय मॅचेसच्या ठरलेल्या काळात क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. पण त्या तारखांच्या बाहेर क्लब ‘नाही’ म्हणू शकतो. कॅम्पला आठवडाभर आधी बोलवायचं आहे, नाही. दुखापत झाली आहे, आमच्या डॉक्टरला दाखवायचंय, नाही. इंग्लंडच्या संघटनेनं आपल्या देशातल्या क्लबना पैसे देऊन करार केलाय, त्या बदल्यात खेळाडू जास्त दिवस मिळतात. फ्रान्सच्या क्लबवर त्यांचा असा काही हक्क चालत नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. रग्बीत माणसं एकमेकांवर अक्षरशः आदळतात. वर्षाला किती मॅचेस खेळायच्या, कधी विश्रांती घ्यायची, याचा हिशेब चुकला तर करिअर दोन-तीन वर्षांनी कमी होतं. पगार देणारा क्लब आपला पैसा वसूल करायला बघणार. तो काही न्यूझीलंडच्या वर्ल्ड कपची काळजी करणार नाही.

तिसरी गोष्ट खरी मोठी आहे, पण ती बोर्डवाले दबक्या आवाजात सांगतात. सगळे स्टार बाहेर गेले तर घरची लीग कोण बघणार? लीग बघितली नाही तर टीव्हीचे पैसे येणार नाहीत. पैसे आले नाहीत तर खालची पोरं कशी घडणार? आज बाहेर गेलेला स्टार कधीकाळी याच लीगमध्ये घडलेला असतो.

म्हणजे हा नियम राष्ट्रीय टीमपेक्षा घरच्या लीगला वाचवण्यासाठी आहे. त्यात वाईट काही नाही, लीग वाचवणंही गरजेचं असतं. पण मग त्याला देशप्रेमाचा रंग देऊ नये. परदेशात खेळणारा देशावर कमी प्रेम करतो असं या वादात सर्रास सुचवलं जातं, आणि ते खोटं आहे. जो खेळाडू दहा-बारा वर्षंच कमावू शकतो, एका दुखापतीत ज्याचं दुकान बंद होऊ शकतं, तो जास्त पगाराच्या नोकरीवर जातो एवढंच.

साऊथ आफ्रिकेनं हे मान्य केलं. त्यांच्याकडंही नियम होता, परदेशात असाल तर किमान ३० मॅचेस देशाकडून खेळलेल्या हव्यात. २०१९ च्या वर्ल्ड कपआधी त्यांनी तो काढून टाकला. फाफ डी क्लर्क तेव्हा इंग्लंडच्या सेल शार्क्समध्ये होता, चेस्लिन कोल्बे फ्रान्सच्या तुलूझमध्ये. दोघंही टीममध्ये आले. जपानमधल्या फायनलमध्ये साऊथ आफ्रिकेनं इंग्लंडला ३२-१२ असं हरवलं आणि शेवटचा ट्राय कोल्बेनं मारला. चार वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी परत कप उचलला. समोर होतं न्यूझीलंड, म्हणजे फक्त घरच्या खेळाडूंची टीम.

अर्थात ती फायनल १२-११ अशी सुटली होती. एका पॉइंटच्या जोरावर ‘बघा, न्यूझीलंडचा नियम चुकला’ असं म्हणणं जरा जास्तच होईल.

परत श्रीरामपूरला येऊ

अहमदनगर जिल्हा, आता अहिल्यानगर. प्रवरेच्या काठानं ऊस, साखर कारखाने आणि सहकाराचं राजकारण यासाठी ओळखला जाणारा हा पट्टा. या एका पट्ट्यानं भारताला दोन मोठे कसोटीवीर दिले. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. दोघांच्याही करिअरमध्ये परदेशी क्लब येतो, आणि दोघांच्या गोष्टीतून या वादाचे दोन वेगळे कंगोरे दिसतात.

झहीरला तर घर सोडणं काही नवीन नव्हतं. इंजिनिअरिंगचा नाद सोडून तो मुंबईला गेला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला, आणि रणजी खेळायला बडोद्याला. नगर जिल्ह्याचा पोरगा, पण बडोद्यानं संधी दिली म्हणून तो भारताला मिळाला. उद्या कुणी म्हटलं असतं की, ‘आपल्या राज्याकडून खेळत नाही त्याला घेऊ नका’, तर गोष्ट तिथंच संपली असती.

वूस्टरशायरमध्ये काय झालं? पहिल्याच मॅचमध्ये त्यानं १० विकेट काढल्या. त्या कौंटीसाठी पदार्पणात असं करणारा तो शंभरहून अधिक वर्षांतला पहिला खेळाडू होता. पण विकेटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथं त्याला रोजच्या रोज बॉलिंग टाकायला मिळाली. चार दिवसांची मॅच, मध्ये थोडा प्रवास, परत चार दिवसांची मॅच. त्यानं रन-अप कमी केला. नव्या बॉलनं आणि जुन्या बॉलनं दोन्हीकडं स्विंग करणं पक्कं केलं. नेटमध्ये हे शिकता येत नाही, आणि टीम इंडियाच्या राखीव बाकावर बसून तर नाहीच नाही.

परिणाम पुढच्या वर्षी दिसला. २००७ मध्ये भारत इंग्लंडला गेला. ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत बॅटिंग करताना इंग्लंडच्या फिल्डर्सनी पिचवर जेली बीन्स टाकून झहीरची खोडी काढली, तो भडकला. त्या मॅचमध्ये त्यानं ९ विकेट घेतल्या आणि भारत जिंकला. तीन कसोटींत त्याच्या १८ विकेट झाल्या. राहुल द्रविडच्या टीमनं मालिका १-० नं जिंकली. इंग्लंडमध्ये आपण १९८६ नंतर पहिल्यांदाच मालिका जिंकत होतो. ज्या बॉलरनं ती जिंकून दिली तो आदल्या उन्हाळ्यात इंग्लंडच्याच कौंटीच्या पगारावर तयार झाला होता.

पुढं २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट, आणि निवृत्त झाला तेव्हा कसोटीत ३११.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. झहीरचं जमलं, कारण वेळापत्रक जमलं. कौंटीचा मोसम एप्रिल ते सप्टेंबर. भारतात त्या काळात उन्हाळा आणि मग पावसाळा, रणजी बंद. झहीर वूस्टरला गेला म्हणून भारतातली कोणतीही स्पर्धा रिकामी पडली नाही. उलट परत आल्यावर त्याच मोसमात तो मुंबईकडून रणजी खेळला आणि मुंबईनं ती जिंकलीसुद्धा. रग्बीत हे जमत नाही. फ्रान्सची लीग आणि घरची लीग यांपैकी एकच निवडावी लागते. त्यामुळं झहीरचं उदाहरण घेऊन न्यूझीलंडच्या बोर्डाला ‘बघा, शिका’ म्हणता येणार नाही.

रहाणेची गोष्ट थोडी वेगळी

२०१९ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये रहाणेचं नाव नव्हतं. दोन महिने घरी बसून मॅचेस बघण्यापेक्षा त्यानं बीसीसीआयकडं परवानगी मागितली आणि हॅम्पशायर गाठलं. एडन मार्करम साऊथ आफ्रिकेकडून वर्ल्ड कप खेळणार होता, त्याची जागा मोकळी होती. आइल ऑफ वाइट या बेटावरच्या मैदानात नॉटिंगहॅमशायरविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये त्यानं ११९ रन्स काढले. त्यानंतरच्या मॅचेस मात्र फारशा चांगल्या गेल्या नाहीत.

तरी ऑगस्टमध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यावर तो भारताचा कसोटी उपकर्णधार म्हणून गेला. अँटिग्वात ८१ आणि १०२ काढून मॅन ऑफ द मॅच झाला.

म्हणजे सिलेक्टर्सनी त्याचे कौंटीचे आकडे बघून त्याला घेतलं नव्हतं. त्याची जागा पक्कीच होती. कौंटी हा त्याच्यासाठी सराव होता. याउलट सौराष्ट्रच्या चेतेश्वर पुजाराचं. २०२२ च्या सुरुवातीला पुजारा आणि रहाणे दोघांनाही एकदमच टीमबाहेर काढलं होतं. पुजाराला आयपीएलमध्येही कुणी घेतलं नाही. तो ससेक्सला गेला, सेंच्युऱ्यांवर सेंच्युऱ्या ठोकल्या, त्यांत डबल सेंच्युऱ्याही होत्या, आणि जुलैच्या एजबॅस्टन कसोटीसाठी परत टीममध्ये आला. परदेशातल्या रन्सवर थेट सिलेक्शन. रहाणेला परत यायला जून २०२३ उजाडावं लागलं. तो आला रणजी आणि चेन्नई सुपर किंग्सकडून गाजवलेल्या आयपीएलच्या जोरावर.

त्याच वर्षीचा एक किस्सा आहे. जानेवारी २०२३ मध्ये लेस्टरशायरनं रहाणेशी करार केला होता. तेव्हा तो भारताच्या टीममध्ये नव्हता, त्यामुळं जूननंतर मोकळा असणार होता. मग तो टीममध्ये परतला, वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये ८९ आणि ४६ केले, वेस्ट इंडिजला उपकर्णधार म्हणून गेला, आणि नंतर विश्रांती घेतली. लेस्टरशायर वाट बघत राहिलं. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये तो तिथं खेळला. बोर्डवाले म्हणतात परदेशी क्लब खेळाडू सोडत नाहीत. इथं देश आणि क्लब यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा तोटा क्लबनं सोसला. कारण भारतीय क्रिकेटमध्ये दोरी बीसीसीआयच्या हातात आहे, ‘एनओसी’ म्हणजे ना हरकत प्रमाणपत्राच्या रूपानं. ते असल्याशिवाय कौंटी तुम्हाला मैदानात उतरवूच शकत नाही.

मग बीसीसीआय चांगलं की काय?

थांबा. कौंटीच्या बाबतीत बीसीसीआय उदार आहे, कारण कौंटीमुळं त्यांचं काही बिघडत नाही. टी-ट्वेंटी लीगचा विषय निघाला की हेच बोर्ड न्यूझीलंडच्या रग्बी बोर्डापेक्षा कडक होतं.

ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, वेस्ट इंडिजची सीपीएल, साऊथ आफ्रिकेची एसए ट्वेंटी. जगातले झाडून सगळे खेळाडू या लीगमध्ये दिसतात, फक्त भारताचे पुरुष खेळाडू दिसत नाहीत. निवृत्ती घेतल्याशिवाय परवानगीच नाही. न्यूझीलंडचा रग्बी खेळाडू निदान जाऊ तरी शकतो, त्याला फक्त देशाची जर्सी मिळत नाही. इथं जायलाच बंदी.

पण महिलांना परवानगी आहे. २०१६ मध्ये बीसीसीआयनं महिला खेळाडूंना परदेशी लीग खुल्या केल्या. सांगलीची स्मृती मंधाना त्याच मोसमात ब्रिस्बेन हीटकडून बिग बॅश खेळली. २०१८ मध्ये इंग्लंडच्या किया सुपर लीगमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून खेळताना त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त रन्स तिनं केले. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज इंग्लंडच्या हंड्रेडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात खेळत आली आहे. २०२५ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर याच जेमिमानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केले, आणि २ नोव्हेंबरला भारतानं वर्ल्ड कप जिंकला. त्या ऑस्ट्रेलियन बॉलर्ससोबत आणि त्यांच्याविरुद्ध ती आधी किती तरी वेळा खेळली होती.

बोर्ड एकच, देश एकच. मग नियम दोन का? कारण २०१६ मध्ये पुरुषांची आयपीएल होती आणि महिलांची लीग नव्हती. महिलांची डब्ल्यूपीएल आली २०२३ मध्ये. वाचवायला लीगच नव्हती, म्हणून मुलींना बाहेर जाऊ दिलं. त्यांनी बाहेर जाऊन जे शिकायचं ते शिकलं, आणि डब्ल्यूपीएल आल्यावरही ती परवानगी राहिली. त्यानं डब्ल्यूपीएलचं काहीच बिघडलं नाही.

बीसीसीआयची भीती अगदीच पोकळ नाही. वेस्ट इंडिजचे खेळाडू लीगमागं गेले आणि त्यांच्या बोर्डाचे काय हाल झाले, हे सगळ्यांनी बघितलंय. विराट कोहली बिग बॅशमध्ये दिसला असता तर आयपीएलचं ‘भारतीय स्टार फक्त इथंच’ हे वेगळेपण संपलं असतं. पण कोहलीचा नियम रणजीतल्या त्या पोराला का लावायचा ज्याला ना बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, ना आयपीएलचा करार? मे २०२० मध्ये सुरेश रैना आणि इरफान पठाण यांनी हाच प्रश्न उघडपणे विचारला होता. ज्यांच्याकडं बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट नाही त्यांना तरी जाऊ द्या, असं रैनाचं म्हणणं होतं. काही बदललं नाही.

‘बाहेर खेळणारा’ आणि ‘बाहेरचा’ यात फरक आहे

सोशल मीडियावर हे दोन विषय कायम एकत्र कालवले जातात, म्हणून थोडक्यात. झहीर, पुजारा, कोल्बे हे बाहेर खेळत होते, पण नागरिक आपापल्या देशाचेच. परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूचा प्रश्न वेगळा आहे.

वर्ल्ड रग्बीच्या नियमानं आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशातला असला तरी चालतं, किंवा सलग पाच वर्षं तिथं राहिलात तरी चालतं. भारत सरकारचं धोरण मात्र २००८ पासून स्पष्ट आहे. भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल. पुणे एफसीचा फुटबॉलर अराता इझुमी, वडील भारतीय आणि आई जपानी, त्यानं त्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. २०२५ मध्ये रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं.

उलट दिशेनं गेलेला आपला माणूस म्हणजे सौरभ नेत्रावळकर. २०१० मध्ये भारताकडून अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग २०१५ मध्ये शिकायला अमेरिकेला गेला आणि अमेरिकेचा बॉलर झाला. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये त्यानं सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं आणि पुढं न्यूयॉर्कमध्ये कोहली आणि रोहित शर्मा दोघांना आउट केलं. तिथं त्याला कुणी ‘घरी खेळतोस का’ विचारलं नाही. आता त्याचं घरच तिथं होतं.

तर नियम कसा असावा?

रग्बीत गेल्या काही वर्षांत वारं एका बाजूला वळलेलं दिसतं. ऑस्ट्रेलियानं गिटो लॉ पुढं आणखी सैल केला. वेल्सनं ६० मॅचेसची अट घातली होती, खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर २०२३ मध्ये ती २५ वर आणली. जे देश गरीब आहेत त्यांच्याकडं असा नियम करायची ऐपतच नव्हती. फिजीचे कित्येक खेळाडू फ्रान्समध्ये पोट भरतात. त्यांना वगळलं तर टीम उभीच राहणार नाही. त्यांनाच घेऊन फिजीनं ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनला जाऊन इंग्लंडला हरवलं.

यातून दिसतं ते असं की, खेळाडू कुठं खेळतो यापेक्षा बोलावल्यावर येतो का आणि वेळेवर फिट येतो का, हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे. एनओसीमध्ये तारखा लिहून देता येतात. कॅम्पच्या तारखा, कमाल मॅचेस, दुखापत झाली तर रिपोर्ट कुणाला द्यायचा, सगळं लिहिता येतं. बीसीसीआय कौंटीच्या बाबतीत हे करतंच. ज्यांच्याकडं बोर्डाचंही कॉन्ट्रॅक्ट नाही आणि आयपीएलचंही नाही, त्यांना लीगसाठी असंच पत्र द्यायला अडचण कोणती, याचं पटेल असं उत्तर अजून तरी आलेलं नाही.

भारतातल्या रग्बीत तर पैशाची बोंबच आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. तेव्हा परदेशी खेळाडू इथं आले आणि आपल्या पोरांना त्यांच्यासोबत खेळायला मिळालं. भारताच्या महिला टीमनं २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीत पहिला विजय मिळवला होता. यांतल्या एखादीला उद्या जपानच्या क्लबनं बोलावलं तर तिला अडवायचं की विमानतळावर सोडायला जायचं, हे ठरवायला कुठल्या समितीची गरज नाही.

क्रिकेटमध्ये मात्र सध्या भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी लीगचा रस्ता निवृत्तीच्या पत्रातूनच जातो. दिनेश कार्तिक निवृत्त झाला, मग जानेवारी २०२५ मध्ये साऊथ आफ्रिकेत खेळला. आर. अश्विननं आयपीएल सोडली, मग बिग बॅशशी करार केला. ही मोठी नावं आहेत, त्यांची करिअर पूर्ण झालेली होती.

प्रवीण तांबेचं तसं नव्हतं. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं लीग क्रिकेट खेळलेला हा लेगस्पिनर ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये आला, तोपर्यंत एकही रणजी मॅच खेळला नव्हता. २०१८ मध्ये तो शारजात टी-टेन लीग खेळून आला. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सनं त्याला २० लाखांना घेतलं, आणि महिन्याभरात आयपीएलनं त्याला अपात्र ठरवलं. कारण, निवृत्त न राहता परदेशी लीग खेळला. मग तो निवृत्त झाला. ऑगस्ट २०२० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरेबियन प्रीमियर लीगमध्ये उतरला आणि तिथं खेळणारा पहिला भारतीय ठरला. त्या मोसमात त्रिनबागोनं सगळ्या १२ मॅचेस जिंकून कप उचलला. या टीमचे मालक तेच, जे कोलकात्याचे आहेत.